डोळ्यातल्या दाबाची नोंदवही

फलटणला नीरा उजव्या कालव्यावर मी ३१ वर्षं नोकरी केली. आधी मोजणीदार, मग कालवा निरीक्षक. सकाळी सहाला गेज वाचायचं, रजिस्टरात लिहायचं, वरून किती आलं आणि खाली किती गेलं याचा मेळ घालायचा. मेळ बसला नाही की समजायचं, कुठेतरी पाणी तुंबतंय.

२०१६ साली वाचायचा चष्मा बदलायला गेलो. डॉक्टरांनी डोळ्यांचा दाब मोजला. उजव्यात २६, डाव्यात २४. पुण्याला पाठवलं, चार तपासण्या झाल्या आणि काचबिंदू ठरला. मला काहीही त्रास नव्हता. दुखत नव्हतं, धूसर दिसत नव्हतं. तेव्हापासून मी डोळ्यांचंही रजिस्टर ठेवतोय. दाब कशाने चढतो, तपासणीला गेल्यावर काय विचारायचं, थेंब कसा टाकायचा, हे सगळं इथे लिहितोय, कारण माझ्या आईला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आईला १९९४ च्या सुमारास कमी दिसायला लागलं. सगळे म्हणायचे, मोतीबिंदू आहे, पिकू द्या, मग काढू. आम्ही दोन वर्षं तो पिकायची वाट पाहिली. मोतीबिंदू होताच, पण त्याच्या आड काचबिंदूही होता. ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली, आणि आई म्हणाली, "पट्टी कधी सोडणार?"

मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग गढूळ होतं. ते काढून नवं बसवता येतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस सुकते, आणि सुकलेली नस कोणत्याही औषधाने परत येत नाही. नावं सारखी वाटतात म्हणून दोन्हींना एकच समजू नका. डोळ्यांची नजर उतरत असेल तर "मोतीबिंदूच असेल" असं घरात बसून ठरवू नका.

आवक आणि निचरा

डोळा हा पाणी भरलेला चेंडू आहे आणि दाब आहे म्हणूनच तो गोल राहतो. बुबुळाच्या, म्हणजे डोळ्यातल्या रंगीत पडद्याच्या, मागे एक मांसल कडं असतं, तिथे रक्तातून स्वच्छ पाणी तयार होतं. हे अश्रू नव्हेत, अश्रू डोळ्याच्या बाहेर असतात. हे पाणी आतलं. मिनिटाला साधारण २ ते २.५ मायक्रोलिटर, म्हणजे दिवसभरात तीन-साडेतीन मिलिलिटर. चहाचा चमचाही भरत नाही. हे पाणी भिंगाला आणि समोरच्या पारदर्शक पटलाला अन्न पोचवतं, कारण त्या दोघांना रक्तवाहिन्या नाहीत. ते बाहुलीच्या भोकातून पुढच्या कप्प्यात येतं, आणि बुबुळ व पारदर्शक पटल जिथे भेटतात त्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून गाळून बाहेर पडतं. जाळीच्या पलीकडे गोल नाली, नालीतून शिरा, शिरांतून पुन्हा रक्तात. पुढच्या कप्प्यातलं सगळं पाणी दीड-दोन तासांत बदलतं. काही पाणी जाळीऐवजी बुबुळामागच्या स्नायूंतून झिरपूनही जातं. ही दुसरी वाट लक्षात ठेवा, थेंबांच्या वेळी तिचं काम आहे.

बर्नमध्ये काम केलेले नेत्रतज्ज्ञ हान्स गोल्डमान यांनी याचा हिशोब मांडला, आणि तो वाचला तेव्हा मला आमच्या खात्याचंच गणित वाटलं. आवकेला निचऱ्याच्या सोयीने भागा आणि त्यात बाहेरच्या शिरेतला दाब मिळवा, म्हणजे डोळ्यातला दाब. आवक वाढली, निचरा अडला किंवा पुढे शिरेतच पाणी तुंबलं, या तीनच कारणांनी दाब चढतो.

प्रत्यक्षात माणसाच्या डोळ्यात बिघडतो तो जवळपास नेहमी निचराच. दाब चढला म्हणून आवक आपोआप फारशी कमी होत नाही. वरच्या दरवाज्यावर कुणी राखणदार बसलेला नाही. राखण आहे ती खाली, जाळीपाशी. दाब वाढला की जाळीतल्या पेशींना ताण जाणवतो आणि काही दिवसांत त्या भोवतालचा चिकट भराव विरघळवून वाट मोकळी करतात. निरोगी डोळ्याचा दाब वर्षानुवर्षं एका पट्ट्यात राहतो तो यामुळे. वय वाढतं तशा या पेशी कमी होतात, भराव साचतो, जाळी घट्ट होते. चारीत गाळ आणि पानवनस्पती साचल्या की वरचं पाणी हळूहळू चढतं, कुणाच्या लक्षातही येत नाही, तसंच.

साधारण दाब १० ते २१ मानतात. हा पाऱ्याच्या मिलिमीटरमधला आकडा आहे. मला तो पाण्यात करून बघितल्यावर उमगला. १५ म्हणजे २० सेंटिमीटर पाण्याचा दाब, वीतभरही नाही. माझे २६ म्हणजे ३५ सेंटिमीटर. एवढ्याशा पाण्याने काय होतं, असं मलाही वाटलं होतं. पण भरावाचा बांध कुठून फुटतो ते मी पाहिलंय. जिथे बांधाच्या पोटातून पाईप गेलेला असतो तिथून. डोळ्याच्या जाड पांढऱ्या भिंतीतही मागच्या बाजूला असंच एक ठिकाण आहे, चाळणीसारखं. दहा-बारा लाख बारीक तंतू त्या चाळणीतून नस होऊन मेंदूकडे जातात. दाबाने चाळणी मागे वाकते, भोकं चेपतात, तंतूंमधली ये-जा थांबते, त्यांचा रक्तपुरवठा अडखळतो, आणि ते एकेक करून मरतात. आधी कडेची नजर जाते. काळा डाग दिसत नाही, मेंदू रिकामी जागा भोवतालच्या चित्राने भरून काढतो. म्हणून माणसाला कळत नाही. पायरी चुकते, कडेने आलेली मोटरसायकल अचानक समोर उगवते, आणि आपण म्हणतो वय झालं.

आकडा कसा वाचायचा

दाब म्हणजे काचबिंदू नव्हे, हे आधी समजून घ्या. अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, २००२ मध्ये त्याचे निकाल आले. दाब २४ ते ३२ पण नस शाबूत, अशी माणसं घेतली. पाच वर्षांत औषध न घेतलेल्यांपैकी ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला, थेंब टाकणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना. म्हणजे औषधाने धोका निम्म्याहून कमी झाला हे खरं, आणि औषधाशिवायही दहातल्या नऊ जणांची नस त्या पाच वर्षांत टिकली हेही खरं. उलट बाजूही आहे. माझी धाकटी बहीण माळशिरसला असते. तिचा दाब १७. चष्म्याच्या दुकानात मोजला आणि "नॉर्मल" म्हणून सोडून दिला. माझ्या आग्रहाने पुण्याला आली तेव्हा डाव्या डोळ्याची नस पोखरलेली निघाली. काहींची चाळणी १७ लाही दमते. त्यांनाही उपाय तोच, दाब आणखी खाली आणायचा.

म्हणून नुसता दाब मोजून घरी येऊ नका. चार गोष्टी विचारा. नस आत पाहिली का? बाहुली मोठी करून पाहिली की नीट दिसते, पण तो थेंब टाकण्याआधी कोन बघितलेला असावा. कोन बघितला का, म्हणजे जाळीच्या कोपऱ्यात आरशाची काच लावून तो उघडा आहे की अरुंद ते पाहिलं का? पारदर्शक पटलाची जाडी मोजली का? आणि फील्ड टेस्ट, म्हणजे कडेपर्यंतची नजर किती शाबूत आहे ते मोजणारी तपासणी, करायची का?

जाडीचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. दाब मोजतात तो पटल बाहेरून दाबून. पटल जाड असेल तर यंत्राला जास्त जोर लागतो आणि आकडा फुगतो, पातळ असेल तर आकडा कमी येतो. साधारण जाडी ५४० मायक्रॉनच्या आसपास. माझी ५०८. म्हणजे माझे २६ कदाचित आणखी वरचे होते. ज्यांनी नंबर घालवायला लेझर करून घेतलंय त्यांचं पटल पातळ झालेलं असतं. त्यांनी हे दर वेळी डॉक्टरांना आठवणीने सांगावं.

शिवाय दाब दिवसभर एकसारखा नसतो. चांगल्या डोळ्यातही तो दिवसात २ ते ६ ने हलतो, काचबिंदूच्या डोळ्यात त्याहून जास्त. पुष्कळांचा पहाटे चढलेला असतो. झोपेत पाणी तयार होणं जवळजवळ निम्म्यावर येतं, तरी आडवं पडल्याने शिरांतला दाब वाढतो आणि डोळ्यातला दाब उतरत नाही. त्यामुळे दर वेळी दुपारी चारलाच तपासणी केली तर पहाटेचा पूर कधीच नोंदला जाणार नाही. मी डॉक्टरांना विचारून एक तपासणी सकाळी आठची घेतो, पुढची दुपारची.

माझ्या वहीत दर तपासणीची एक ओळ असते. तारीख, वेळ, उजवा, डावा, यंत्र कोणतं (हवेचा झोत मारणारं की पटलाला टेकवणारं), चालू थेंब, आदल्या रात्रीचा थेंब टाकला होता का. फील्ड टेस्टचे कागद आणि नसेच्या स्कॅनचे प्रिंट तारखेनुसार फाइलला. पहिला कागद कधीही टाकू नका, पुढचे सगळे त्याच्याशीच ताडून बघायचे असतात. आणि पहिल्या पानावर एक आकडा मोठ्या अक्षरात लिहा, तुमच्या डॉक्टरांनी ठरवलेला वरचा दाब. प्रत्येकाचा वेगळा असतो. नस किती गेली, वय किती, सुरुवातीचा दाब किती, यावर ठरतो. माझा १६. स्वीडनमधल्या रुग्णांवरच्या एका अभ्यासात दाब १ ने उतरला की आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी झालेला दिसला. म्हणून १८ वरून १६ वर येण्यालाही किंमत आहे.

थेंब

पहिले आठ महिने माझा दाब २१ च्या खाली येईना. डॉक्टर दुसरं औषध वाढवायच्या विचारात होते. तिथल्या एका सिस्टरने सांगितलं, काका, माझ्यासमोर टाकून दाखवा. मी टाकला. थेंब पापणीवर पडला आणि गालावरून ओघळला. त्या बाईंनी दहा मिनिटं घालवून मला शिकवलं. पुढच्या तपासणीला त्याच औषधावर दाब १७. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

हात धुवा. शक्य असेल तर आडवे पडा, मी खाटेवर पडतो. वर छताकडे बघा. एका हाताच्या बोटाने खालची पापणी हलकेच ओढा, म्हणजे पापणी आणि डोळा यांच्यात छोटी झोळी तयार होते. बाटलीचा हात कपाळावर टेकवा, हात थरथरत असेल तर आधार मिळतो. बाटलीचं तोंड डोळ्याला, पापणीला, कशालाही लागू देऊ नका. एकच थेंब झोळीत सोडा. झोळीत पूर्ण थेंबही मावत नाही, दुसरा थेंब नुसता वाहून जातो आणि बाटली लवकर संपते. थेंब आत पडला की नाही कळत नसेल तर बाटली फ्रिजमध्ये ठेवत जा. गार थेंब लगेच जाणवतो.

आता डोळा अलगद मिटा, उघडझाप करू नका. नाकाशेजारच्या कोपऱ्यात बोटाने हलका दाब द्या आणि दोन मिनिटं तसेच राहा. या कोपऱ्यातून एक नळी नाकात उतरते. ती मोकळी राहिली तर औषध नाकावाटे रक्तात जातं, डोळ्यात कमी उरतं आणि अंगभर परिणाम करतं. दुसरा थेंब असेल तर पाच मिनिटांनी, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो.

कोणता थेंब काय करतो हे माहीत असलं की कंटाळा येत नाही. लॅटानोप्रोस्टसारखे थेंब ती दुसरी झिरपायची वाट मोकळी करतात. ते रात्री एकदाच पुरतात. पापण्यांचे केस वाढतात, पापणीची कातडी काळवंडते, म्हणून बाहेर सांडलेलं लगेच पुसा. टिमोलॉल पाण्याची आवक कमी करतं. झोपेत आवक आधीच उतरलेली असते म्हणून त्याचा रात्री फारसा उपयोग होत नाही, सकाळचा थेंब चुकवू नका. दमा असेल, नाडी मंद असेल तर टिमोलॉलआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, हा थेंब श्वास कोंडू शकतो. डॉर्झोलामाइडही आवकच घटवतं, तोंड कडू होतं. ब्रिमोनिडिनने तोंड कोरडं पडतं, झोप येते.

बाटली उघडल्याची तारीख लेबलवर पेनाने लिहा. बहुतेक बाटल्या उघडल्यापासून चार आठवड्यांत टाकायच्या असतात, काहींना सहा आठवडे चालतात, ते खोक्यावर लिहिलेलं असतं. थेंब रोज ज्या गोष्टीशी बांधाल ती न चुकणारी हवी. माझा हरिपाठ झाला की थेंब. आषाढात माउलींची पालखी फलटणला मुक्कामाला येते, तिथून मी पंढरपूरपर्यंत चालतो. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत असते आणि तंबूत हरिपाठानंतरच टाकतो. एखादा थेंब राहिला तर आठवल्यावर टाका, पुढच्याची वेळ झालीच असेल तर तोच एक टाका, भरपाईला दोन नकोत. आणि राहिलेला थेंब वहीत लिहा. तपासणीआधी आठवडाभर नीट टाकणारे आणि एरवी विसरणारे लोक मी पाहिलेत. आकडा छान येतो, डॉक्टर औषध तेच ठेवतात, आणि फील्ड मात्र घटत राहतं.

थेंब सोसत नसतील, परवडत नसतील, तर ते लपवू नका. जाळीवर लेझर मारून निचरा सुधारता येतो. इंग्लंडमधल्या २०१९ च्या अभ्यासात आधी लेझर घेतलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांना तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय दाब आटोक्यात ठेवता आला. त्याने भागलं नाही तर ऑपरेशनने पाण्याला नवा सांडवा करून देतात.

रोजच्या वागण्यात

मी तिशीपासून शीर्षासन करायचो. ते सोडलं. योग करणाऱ्यांवर भारतातच झालेल्या मोजणीत शीर्षासनात डोळ्यातला दाब दुप्पट झालेला आढळला. डोकं खाली राहणारी आसनं काचबिंदूवाल्यांनी टाळावीत. श्वास रोखून जड वजन उचलणंही नको. चालणं उत्तम, त्याने दाब थोडा उतरतो. तांब्याभर पाणी एका दमात पिऊ नका. लिटरभर पाणी झटकन पाजून दाब किती चढतो ते बघायची तपासणीच आहे. पाणी भरपूर प्या, पण थोडं थोडं.

सगळ्यात जास्त सांभाळायचं ते स्टेरॉइड. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही नावं लेबलवर शोधा. डोळे खाजतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या थेंबात ती असतात, लाली एका दिवसात जाते, मग घरातली मुलं उन्हाळाभर तेच टाकतात. स्टेरॉइडने जाळी तुंबते आणि काहींचा दाब काही आठवड्यांत फार वर जातो. डोळ्याच्या डॉक्टरांनी दिलं तर दिलेल्या दिवसांपुरतंच आणि मध्ये दाब मोजून.

आता एक प्रकार असा आहे की ज्यात वहीचा उपयोग नाही, धावावंच लागतं. आमच्या शेजारच्या मावशींना एका रात्री अर्धं डोकं असह्य दुखायला लागलं, उलट्या झाल्या, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली, डोळा लाल. घरच्यांनी पित्त समजून सोडा-लिंबू दिलं. सकाळी डोळा पाहिला तेव्हा दाब ५० च्या वर. त्यांचा कोन मुळातच अरुंद होता, बुबुळाने जाळीचं तोंडच झाकलं होतं. दाब औषधांनी उतरवला आणि बुबुळाला लेझरने बारीक भोक पाडून पाण्याला वाट करून दिली. दुसऱ्या डोळ्यालाही तेच भोक आधीच पाडून ठेवलं. डोळा लाल, डोकेदुखी आणि उलटी ही तिन्ही एकत्र दिसली तर त्याच रात्री डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. कोन अरुंद आहे असं तुम्हाला कधी सांगितलं असेल, तर सर्दीच्या किंवा प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांआधीही विचारा. त्यातल्या काहींनी बाहुली मोठी होते आणि कोन बंद पडतो.

काचबिंदू घराण्यात उतरतो. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांना असेल तर धोका अनेक पटींनी वाढतो. म्हणून तुमचं निदान झालं की त्याच आठवड्यात भावंडांना फोन करा, आणि मुलांना बरोबर घेऊन जा. माझ्या भावाने दोन वर्षं टाळलं, शेवटी मीच एस्टीने त्याला नेलं. त्याची नस ठीक आहे.

वहीच्या शेवटच्या पानावर मुलीची ओळ आहे. वय ३१. वेळ सकाळी ९. उजवा १५, डावा १६. जाडी ५१५. कोन उघडा. नस ठीक, फोटो काढून ठेवला. पुढची तपासणी दोन वर्षांनी, दिवाळीच्या सुट्टीत.